रुपया नव्वदीपार! मेमधली युरोप सहल आत्ताच बुक करावी की थांबावं?

पैठणगेट | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून घरात एकच विषय चाललाय. मे महिन्यात युरोप. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि अंबडहून दीर-जाऊ, असे सहा जण. एका टूरवाल्याचं कोटेशन आलंय: माणशी १ लाख ४५ हजार रुपये अधिक १,९०० युरो. युरोचा भाग ज्या दिवशी भरू त्या दिवशीच्या दरानं.

यंदा जानेवारीत युरो ८९ च्या आसपास होता. आज १०५. माणशी ३०,४०० रुपये नुसत्या दरात वाढले. सहा जणांचे १ लाख ८२ हजार ४००. टूर तीच, हॉटेलं तीच, नाश्त्याला गार पाव तोच.

दिराचं म्हणणं, अमेरिकेशी व्यापार करार होऊ घातलाय, तो झाला की रुपया वधारेल, तेव्हा मार्चपर्यंत दम धरा. यांचं म्हणणं, दम धरला की अजून महागणार. त्यात यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की स्वित्झर्लंडशी आपला करार १ ऑक्टोबरपासून लागू झालाय, म्हणून तिकडचं स्वस्त होणार. यातलं खरं काय? टूरच्या पैशांवर टीसीएस म्हणून जो आगाऊ कर कापतात ते प्रकरणही कुणी नीट समजावलं तर बरं होईल, टूरवाला त्यावर आला की भराभर बोलतो.

वाळूज_शिफ्टवाला | ७ डिसेंबर, रात्री ९:५२

करार होईल, करार होईल म्हणून आमची कंपनी ऑगस्टपासून डोळे लावून बसलीय. तुम्ही कुठं त्या नादी लागता ताई.

तूरडाळ | ७ डिसेंबर, रात्री १०:०५

गार पावावर उपाय: थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी. बाकी अर्थशास्त्र जाणकार सांगतील.

खातेवही | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

निवृत्त बँकवाला आहे, सकाळी चहाबरोबर दर बघायची खोड काही जात नाही.

पैठणगेटताई, आधी स्वित्झर्लंडचं. जो करार लागू झाला तो स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिच्टेनस्टाइन या चार देशांशी. त्यात स्विस घड्याळं, चॉकलेटं यांच्यावरचं आपलं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. झालंच तर काही वर्षांनी निराला बाजारात स्विस चॉकलेट थोडं स्वस्त मिळेल. इंटरलाकेनच्या हॉटेलभाड्याला त्याचं काही सोयरसुतक नाही. ते भाडं फ्रँकमध्ये असतं, आणि फ्रँक जानेवारीत ९४ च्या आसपास होता तो आता ११२ च्या घरात आहे.

आता रुपया. पेपरात फक्त डॉलरचा मथळा येतो. डॉलर जानेवारीत साडेपंच्याऐंशीच्या पुढं होता, परवा ३ तारखेला ९० पार झाला. वाढ साधारण पाच टक्के. युरो तेवढ्याच काळात अठरा टक्के वाढला. कारण यंदा डॉलरच युरोसमोर घसरला, आणि आपण डॉलरच्याही मागं राहिलो. युरोपला जाणाऱ्याला दोन्ही घसरणींचा मार एकदम बसतो.

रुपया का पडला? अमेरिकेनं ७ ऑगस्टला आपल्या मालावर २५ टक्के कर लावला, २७ ऑगस्टला रशियन तेलाचं निमित्त करून आणखी २५ टक्के. निर्यातीवर गदा आली, परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर बाजारातून पैसे काढले, त्यांना जाताना डॉलर लागले. त्यातच ऑक्टोबरमध्ये मालाच्या व्यापारातली तूट विक्रमी झाली, ४१ अब्ज डॉलरच्या वर. त्यात मोठा वाटा सोन्याच्या आयातीचा.

म्हणून दिरांना सांगा, करार झाला तर रुपया सावरेल तो डॉलरसमोर. युरोसमोर सावरेलच असं नाही. तुमचं कोटेशन युरोत आहे.

अंबडची_मोसंबी | ८ डिसेंबर, सकाळी ८:३०

वहिनी, मी पण इथंच आहे बरं का. 😀

खातेवही काका, राम राम. तुमचं गणित मान्य. पण आमचं वजनमाप वेगळं आहे. माणशी ३०,४०० वाढले म्हणजे बाजारात आज सोयाबीनला जो भाव मिळायला त्या हिशोबानं सात क्विंटलच्या आसपास सोयाबीन झालं. माणशी! आम्ही दोघं नवरा-बायको मिळून चौदा क्विंटल. सप्टेंबरच्या पाण्यात जे गेलं ते सोडून बोलायलो.

हमीभाव ५,३२८ कागदावर. बाजारात त्याच्या खालीच विकायलंय. कामून? तर ३० मे ला सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्तात आलं की गिरणीवाला आमच्या सोयाबीनला कशाला भाव देईल? कापसाचंही तेच. ११ टक्के आयात शुल्क होतं, १९ ऑगस्टला काढलं, सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. नेमकं आमचं कापूस वेचायच्या दिवसात.

म्हणजे तिकडून युरो वाढला ते एक, आणि इकडून खिशात यायचं तेच कमी झालं ते दुसरं. टूरवाल्याच्या कोटेशनात हे दुसरं कुठंच लिहिलेलं नसतं.

औंढ्याचा_नाग | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

माफ करा, पण राहवत नाही म्हणून लिहितो. अडीच महिन्यांपूर्वी बीड, धाराशिव, लातूर, जालना, नांदेड सगळीकडं जमिनी खरवडून गेल्या, जनावरं वाहून गेली. आणि इथं वीस लाखांच्या सहलीची चर्चा?

पैठणगेट | ८ डिसेंबर, सकाळी ९:३५

दादा, राग समजू शकते. आम्ही दोघं नोकरदार, हे पैसे बऱ्याच वर्षांच्या आवर्तक ठेवीतले. सासऱ्यांचं वय ७१. त्यांना बर्फ बघायचाय. शेत आमचंही वाहिलंय.

औंढ्याचा_नाग | ८ डिसेंबर, सकाळी ९:४८

मग जा. मामांना बर्फ दाखवा. माझा राग तुमच्यावर नाही.

वाळूज_शिफ्टवाला | ८ डिसेंबर, दुपारी ३:२०

शिफ्ट सुटल्यावर लिहायलो. मोसंबीभौ, तुमच्या पोस्टवरून एक गोष्ट सांगतो. रुपया पडला की निर्यातवाल्यांची दिवाळी, असं टीव्हीवर सांगतात. आमच्या लाइनचा माल अमेरिकेला जातो. एका डॉलरचे आधी ८५ मिळायचे, आता ९० मिळतात, हे खरं. पण तिकडच्या गिऱ्हाइकानं पहिल्याच मीटिंगला सांगितलं, कर आम्हाला भरावा लागतो, त्यातला निम्मा भार तुम्ही उचला. म्हणजे रुपया पडून जे मिळालं ते सवलतीत परत गेलं, वर पदरचं घालावं लागलं. ओव्हरटाइम बंद. बोनस मिळाला, पण मागच्यापेक्षा कमी. मी जाणार होतो थायलंडला मित्रांसोबत. आता इथलंच म्हैसमाळ.

फुकटचा_सल्लागार | ८ डिसेंबर, दुपारी ३:२६

म्हैसमाळला थायलंडची बात कितीला आहे?

वाळूज_शिफ्टवाला | ८ डिसेंबर, दुपारी ३:३१

भजी प्लेट चाळीसला आहे. बात तुमची तुम्ही बघा.

पिंपळपान | ८ डिसेंबर, रात्री ८:१०

थायलंड निघालंच आहे तर. मी छोट्या ग्रुपच्या सहली नेते, त्यामुळे रोज हेच बघते. खातेवही काकांनी म्हटलं ते फार मोलाचं आहे, डॉलर बघून सहल ठरवू नका, ज्या देशात जायचं तिथलं चलन बघा.

जानेवारीत थायलंडची एक बात साधारण अडीच रुपयांना होती, आता दोन रुपये ऐंशी पैशांच्या वर. बारा-तेरा टक्के महाग. व्हिसा लागत नाही हे खरं, पण तिथल्या जेवणाच्या, टॅक्सीच्या बिलात ते निघून जातं. जपानचा येन फारसा हलला नाही, सहा-सात टक्के.

आता गंमत बघा. व्हिएतनामचे दोंग जानेवारीत रुपयाला २९७ च्या आसपास मिळायचे, आता २९२-२९३. जवळपास तेवढेच. श्रीलंकेचा रुपया आपल्या रुपयाला तीन रुपये चाळीस पैशांच्या आसपास तेव्हाही होता, आजही आहे. इंडोनेशियात थोडासाच फरक. ही चलनं आपल्यासारखीच डॉलरसमोर घसरली. नेपाळचा तर प्रश्नच नाही, १९९३ पासून आपल्या १ रुपयाला त्यांचे १ रुपया ६० पैसे ठरलेले. भूतानचं चलन तर आपल्या रुपयाच्या बरोबरीचंच.

अर्थात विमानाचं तिकीट सगळीकडं महागतं. विमानांची भाडेपट्टी डॉलरमध्ये, इंधनाचा हिशोब डॉलरमध्ये. युरोपच्या बाबतीत अजून एक, एप्रिलपासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केलीय, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या काही फेऱ्यांना लांबचा वळसा पडतो. तो वळसा कुणाच्या तिकिटात जातो ते सांगायला नको.

ताई, सासऱ्यांना बर्फच बघायचा असेल तर मे मध्ये रोहतांगलाही असतो. पण ते तुम्हालाही माहीत असणार.

पैठणगेट | ८ डिसेंबर, रात्री ८:२५

त्यांना सांगून झालं. म्हणाले, "रोहतांगला काय, तिथं शेजारचे कुलकर्णी पण जाऊन आले." पुढं बोलणंच खुंटलं.

तूरडाळ | ८ डिसेंबर, रात्री ८:२७

हे खरं परकीय व्यापार धोरण. 😂

नौखंडा | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

आमच्याकडं सहल म्हणजे उमरा. अम्मी-अब्बांना रमजानच्या आधी पाठवायचंय. सौदीनं रियाल डॉलरला बांधून ठेवलाय, ३.७५ रियाल म्हणजे १ डॉलर, १९८६ पासून तसाच. दुबईचा दिरहमही बांधलेला, ३.६७२५. त्यामुळे आमच्यासाठी डॉलर आणि रियाल एकच. जानेवारीत २३ च्या आतला रियाल आता २४ चा झाला. युरोवाल्यांच्या मानानं कमीच लागलं म्हणायचं.

उमऱ्याचं कोटेशन मात्र आपल्याकडं बहुतेक रुपयांतच देतात, आणि ट्रॅव्हलवाला आपल्या बाजूनं दर धरून ठेवतो. मी विचारलं, रियाल किती धरलाय? तर साडेपंचवीस! म्हणलं भाई, हा रियाल कुठं मिळतो, आम्हालाच विकायचाय थोडा. मग उतरला. तेव्हा रुपयांत कोटेशन आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, आत कोणता दर लपलाय ते विचारा.

लातूर_एक्सप्रेस | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०

सगळ्यांचं वाचलं. युरो, बात, रियाल. आमच्यासारख्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मुलगी रशियात एमबीबीएस करते. लातुरात दोन वर्षं ट्यूशन, नीटला सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं, इथल्या खासगीची फी झेपणारी नव्हती, म्हणून तिकडं पाठवली. फी रुबलमध्ये. जानेवारीत रुबल ८० पैशांच्या आत होता. आज १ रुपया १५ पैशांच्या आसपास आहे. टक्केवारी काढा म्हणजे कळेल काय करायलाव आम्ही. युरोचे अठरा टक्के ऐकून मला हसू आलं, खरं सांगतो.

सगळे म्हणतात डॉलर ९० झाला, वाईट झालं. आमचा डॉलरशी संबंधच नाही. एजंटनं कार्यक्रमात फीचा तक्ता दाखवला होता तो रुपयांतला, आणि खाली बारीक अक्षरात "विनिमय दरानुसार बदल". मोठ्या अक्षरात सहा वर्षांचा खर्च, बारीक अक्षरात खरा खर्च. यंदा सौभाग्यवतीला घेऊन तिला भेटायला जायचं ठरवलं होतं. तिनंच फोनवर सांगितलं, पप्पा, येऊ नका, त्या पैशात माझं सहा महिन्यांचं होस्टेल होतं.

खातेवही | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

लातूरकर, स्वतःच्या पैशातून फी पाठवत असाल तर वर्षाला १० लाखांच्या वर गेल्यावरच टीसीएस, शिक्षणासाठी तो यंदा (२०२५-२६) ५ टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर १ एप्रिलपासून काहीच नाही. तेवढा तरी दिलासा. पुढच्या सत्राची फी विद्यापीठ आगाऊ घेतं का ते विचारून बघा, घेत असेल तर एकदम सगळी न भरता दोन-तीन टप्प्यांत पाठवा. दर वर जाईल की खाली हे मी पस्तीस वर्षांत एकदाही छातीठोक सांगू शकलो नाही, आणि टीव्हीवर जे सांगतात त्यांनाही येत नाही.

तरुण मंडळींसाठी म्हणून सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा परदेशी जाणाऱ्याच्या हातात ८ डॉलर टेकवायचे, हा किस्सा जुने साहेब सांगायचे. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं तेव्हा मी काउंटरवर होतो. आता माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात. अडचण परवानगीची राहिली नाही, ऐपतीची आहे.

सीए_ताई | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

टीसीएस. नीट वाचा, कारण यात लोक विनाकारण लाखाच्या वर अडकवून बसतात.

परदेशी टूर पॅकेजवर एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. गेल्या मार्चपर्यंत ही मर्यादा ७ लाख होती.

पैठणगेट, तुमचे आकडे घेते. माणशी १,४५,००० अधिक १,९०० युरो गुणिले १०५, म्हणजे ३,४४,५००. सहा जणांचे २०,६७,०००. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. सगळं तुमच्या यजमानांच्या खात्यातून, त्यांच्या एकाच पॅनवर भरलं तर पहिल्या १० लाखांवर ५० हजार, उरलेल्या १०,६७,००० वर २० टक्के म्हणजे २,१३,४००. एकूण २,६३,४००. हेच तीन पॅनवर (यजमान, सासरे, दीर) सारखं वाटून भरलंत तर प्रत्येकी ६,८९,०००, सगळ्यांवर ५ टक्के, एकूण १,०३,३५०. ज्याच्या पॅनवर, त्याच्याच खात्यातून पैसे गेले पाहिजेत. शिवाय काही रक्कम ३१ मार्चआधी आणि काही नंतर भरली तर दोन्ही वर्षांची मर्यादा वेगवेगळी धरतात.

हा खर्च नाही, तुमचाच आगाऊ भरलेला कर आहे. आयकर पोर्टलवरच्या २६एएस या विवरणात दिसतो, रिटर्नमध्ये वळता होतो. नोकरदारांनी ऑफिसला १२बीएए फॉर्म दिला तर पगारातला टीडीएस तेवढा कमी कापतात, वर्षभर थांबायची गरज नाही.

खरी गोची शेतकऱ्यांची. मोसंबी, तुमचं उत्पन्न नुसतं शेतीचं असेल तर तुम्ही रिटर्न भरत नसणार. रिटर्न भरल्याशिवाय हे पैसे परत येत नाहीत. माझ्याकडं असे पक्षकार आहेत ज्यांनी मुलाच्या सहलीचे पैसे भरले, टीसीएस कापला गेला, आणि दोन वर्षं त्यांना वाटत होतं की तो टूरवाल्याचा चार्ज आहे.

अंबडची_मोसंबी | ९ डिसेंबर, दुपारी १:४०

मलाही तसंच वाटलं होतं. ताई, तुमची फी किती? 😬

जावेच्या_पाटल्या | ९ डिसेंबर, दुपारी ४:०५

दुबई ट्रान्झिट असेल तर सोनं आणायचं का? विचारून ठेवते.

खातेवही | ९ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

जुलै २०२४ मध्ये आपल्याकडं सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हाच दुबईच्या सोन्यातला राम गेला. आणि दागिन्यांची जी ४० ग्रॅमची सवलत बायका सांगतात ती वर्षभर परदेशात राहून येणाऱ्यांना, तीही १ लाख रुपये किमतीच्या आत. तोळा सव्वा लाखाच्या पुढं गेलाय. ४० ग्रॅम कुठून बसवणार? सराफ्यातच जा.

वेरूळ_लेणे_१६ | १० डिसेंबर, रात्री ११:१०

उलट्या बाजूनं लिहितो. माझं वेरूळजवळ छोटं हॉटेल आहे. रुपया पडला की परदेशी पाहुण्याला भारत स्वस्त, मग ते धावत यायला पाहिजेत, असं पुस्तकात. लेण्यांचं तिकीट आपल्याला ४०, परदेशी पाहुण्याला ६००. युरोवाल्याला तेच ६०० जानेवारीत पावणेसात युरोला पडायचे, आता पावणेसहाला. एका युरोसाठी कुणी विमानात बसत नाही. त्याला थेट विमान हवं, सरळ रस्ता हवा, बायकांसाठी स्वच्छ संडास हवं. संभाजीनगरला परदेशातून थेट विमान उतरत नाही, सगळे मुंबई-दिल्लीहून येतात. जपानी, कोरियन बौद्ध ग्रुप येतात, ते दर बघून येत नाहीत, श्रद्धेनं येतात.

आणि हो, मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद. हे वाचून तरी दारात येऊन परत जाऊ नका.

सचखंड | ११ डिसेंबर, सकाळी १०:००

नांदेडला थोडं वेगळं आहे. आमच्याकडं कॅनडा, इंग्लंडहून शीख भाविकांची संगत येते. रुपया पडला की लंगरला दान जास्त होतं, बाजारात खरेदीही जास्त. म्हणून मी रुपयाला शिव्या देत नाही. फक्त भाची टोरांटोला शिकते ते घरी बोलायचं नाही.

पिंपळपान | ११ डिसेंबर, दुपारी १२:१५

कार्डाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परदेशात बहुतेक बँका साडेतीन टक्के अधिभार लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. दुकानात मशीन विचारतं, रुपयांत भरू की युरोत? रुपये बघून हायसं वाटतं आणि माणूस रुपये दाबतो. युरोच दाबा. रुपयांचा दर ती मशीनवाली कंपनी ठरवते, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयनं मिळतं हे ऐकून माझ्या ग्रुपमधले एक आजोबा तिथल्या चणे-फुटाणेवाल्याला स्कॅनर मागत होते.

पैठणगेट | १७ डिसेंबर, रात्री ९:१५

काल डॉलर ९१ ला शिवला आणि यांचा रक्तदाब त्याच्याही वर. आज रिझर्व्ह बँकेनं डॉलर विकून दामटलं म्हणे, परत ९० च्या घरात आला. असो. आम्ही मधला मार्ग काढला. युरोचा अर्धा भाग गेल्या आठवड्यातच १०५.६० च्या दरानं भरून टाकला, टूरवाल्याकडून लेखी घेतलं. उरलेला नंतर. पॅन तीन. दिरांनी त्यांच्या हिश्श्याचे पैसे कापूस विकून दिले, भाव न विचारता घेतले आम्ही.

औंढ्याचा_नाग | १७ डिसेंबर, रात्री ९:२२

न विचारलेलंच बरं.

वाळूज_शिफ्टवाला | ९ फेब्रुवारी २०२६, दुपारी २:५०

धागा वर काढतो. करार झाला की राव! अमेरिकेचा कर ५० वरून १८ टक्के. जानेवारीअखेर डॉलर ९२ ला टेकला होता, घोषणेच्या दुसऱ्या दिवशी ९०.३० च्या आसपास. आमच्या कंपनीत ओव्हरटाइम परत सुरू व्हायची कुजबुज आहे. मोसंबीभौ, तुमचं खरं ठरलं! पेढे?

खातेवही | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

पेढे खा, पण युरो बघून खा. युरो आजही १०७ च्या आसपास आहे. डिसेंबरात ताईंनी १०५.६० नं भरले. करारानं डॉलर खाली आला, युरोवाल्यांच्या पदरात काही पडलं नाही. युरोपीय संघाशीही २७ जानेवारीला वाटाघाटी पुऱ्या झाल्या, त्यात गाड्या आणि वाइन आहेत, हॉटेलभाडं नाही.

अंबडची_मोसंबी | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

पेढे बिढे काही नाही. कराराच्या त्या संयुक्त निवेदनात काय काय लिहिलंय ते वाचा. अमेरिकेचं सोयाबीन तेल, लाल ज्वारी, आणि डीडीजीएस म्हणजे इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा, यांच्यावरचं शुल्क आपण काढणार किंवा कमी करणार. तेल तिकडून आलं तर गिरणी आमचं सोयाबीन कमी गाळणार. चोथा आला तर कोंबडीवाले सोयापेंड कशाला घेतील? मीच डिसेंबरात म्हणत होतो, करार होऊ द्या, रुपया वधारेल. रुपया चार आणे वधारला असेल, पुढच्या दसऱ्याला सोयाबीन किती उतरतं ते बघू.

वाळूजवाल्यांचा ओव्हरटाइम सुरू झाला याचा आनंदच आहे. पण दोघांच्या घरचा हिशोब एकाच कागदावर मांडून करार चांगला की वाईट हे कुणी ठरवू नये.

वाळूज_शिफ्टवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

हे मात्र बरोबर बोललात. माझा पण बाप गंगापुरात सोयाबीनच पेरतो.

सीए_ताई | १० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

अर्थसंकल्पात तुमच्या कामाचं आलंय. १ एप्रिलपासून परदेशी टूर पॅकेजवर सरसकट २ टक्के टीसीएस, १० लाखांची पायरीच काढली. पैठणगेट, उरलेला भाग टूरवाला थांबत असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरा, तीन पॅनची कसरत करायची गरज नाही. पण त्यासाठी युरोचा दर एप्रिलपर्यंत अंगावर घ्यावा लागेल. टीसीएस परत मिळतो, दरातला तोटा परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवून ठरवा.

पाटल्याताई, तुमच्यासाठी: नवीन नियमांत वर्षभर राहून येणाऱ्या बायकांच्या ४० ग्रॅमवरची किमतीची अट गेली. सहलीवाल्यांना नेहमीच्या सामानाची सवलत ५० हजारांवरून ७५ हजार झाली.

जावेच्या_पाटल्या | १० फेब्रुवारी, सकाळी ११:३४

वर्षभर राहायचंच कुठं? नवऱ्याला विचारते.

पैठणगेट | १० फेब्रुवारी, दुपारी ४:२०

टूरवाला १० एप्रिलपर्यंत थांबतोय. उरलेल्यातले निम्मे याच आठवड्यात भरतोय, निम्मे एप्रिलमध्ये. सासरे म्हणाले, "बर्फ वितळायच्या आत ठरवा." भावजींच्या रिटर्नचं काय करायचं सीए ताई?

सीए_ताई | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०५

डिसेंबरमधला आणि या आठवड्यातला टीसीएस यंदाच्या रिटर्नमध्ये, एप्रिलमधला पुढच्या वर्षीच्या. शेतीचं उत्पन्न दाखवायचं, कर लागत नाही, परतावा खात्यात येतो. पॅन-आधार जोडलेलं आहे ना ते आधी बघा, नसेल तर जास्त दरानं कापतात. आणि बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या.

अंबडची_मोसंबी | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०

जोडलेलं आहे. खातं जिल्हा बँकेचं आहे, चालतंय का?

सीए_ताई | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२६

पडताळणी झाली तर चालेल. उद्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आयएफएससी कोड स्पष्ट दिसेल असा.